आरएक्स, धूर आणि एक अवघड प्रश्न

बायकोने फक्त एकच प्रश्न विचारला, "रस्त्यावर चालवता येणार नाही, लाइट नाही, आरसा नाही, मागे मला बसायला सीट नाही. मग ती गाडी नक्की कशासाठी घ्यायची?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण चाळिशीला टेकलेल्या, होमलोन असलेल्या आणि मुलीच्या शाळेच्या फीचा हप्ता तोंडावर आलेल्या माणसाने ते मोठ्याने बोलू नये असं होतं. १९९८च्या मे महिन्यात नाशिकला मामाकडे गेलो असताना मी पहिल्यांदा डर्ट ट्रॅक रेस पाहिली. मी बारा वर्षांचा. मातीचा ट्रॅक, टँकरने मारलेलं पाणी, आणि उंचवट्यावरून एकामागून एक हवेत उडणाऱ्या गाड्या. त्यातल्या बऱ्याच गाड्या म्हणजे आपल्या गल्लीतल्याच यामाहा आरएक्स १०० होत्या! फक्त कापून, सोलून, उंच करून, ओळखू येणार नाहीत अशा केलेल्या. आणि तो वास... जळलेल्या टू-टी ऑईलचा. त्या दिवशी शर्टाला लागलेला तो वास मी दोन दिवस धुऊ दिला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच होतं तर खरीखुरी मोटोक्रॉस बाईक घ्यायची. तर मंडळी, तिथेच आपल्याकडची गोम आहे. परदेशात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सुझुकी आरएम किंवा यामाहा वायझेड जुन्या बाजारात मिळतात. आपल्याकडे त्या कधी शोरूममध्ये आल्याच नाहीत. एखाददुसरी दिसली तरी तिचे कस्टमचे कागद शोधण्यात उमेद संपते. त्यामुळे आपली 'व्हिंटेज मोटोक्रॉस' म्हणजे गॅरेजमध्ये घडवलेली आरएक्स, शोगन किंवा येझ्दी. कंपनीने बनवलेली नाही, मिस्त्रीने बनवलेली.

अशीच एक आरएक्स तलासरीत आहे, असं मला एका मित्राच्या मित्राकडून कळलं. नव्वदच्या दशकात रेस खेळलेली. मालक परदेशात. गाडी त्याच्या जुन्या मिस्त्रीकडे. अपेक्षा साठ हजार. माझ्याकडे बोनसचे सत्तर होते. रविवारी सकाळी सहाला मी आणि माझा बुलेटवाला मित्र निघालो.

चारोटी नाक्याला वडापाव खाताना मी त्याला माझी यादी दाखवली. हसू नका, मी खरंच यादी केली होती. टू-स्ट्रोक गाडी पाहायची म्हणजे काय, यावर मी महिनाभर रात्री जागून अभ्यास केला होता. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असलाच किडा असेल तर उपयोग होईल म्हणून सांगतो.

पहिला नियम: पोहोचल्या पोहोचल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर समजा, तुम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवलीय. थंड गाडी किती किकमध्ये उठते यातच अर्धी पत्रिका कळते. दुसरा: हाताने किक हळू दाबून पाहा. चांगल्या कॉम्प्रेशनची किक हाताला सहज हार जात नाही. तिसरा: प्लग काढा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर उत्तम, पांढरा असेल तर इंजिन तापतंय, काळा-ओला असेल तर ऑईल जास्त किंवा कार्ब्युरेटर बिघडलेला. चौथा, आणि हा फार कमी लोक करतात: सायलेन्सर खोला आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून थेट पिस्टन बघा. फोर-स्ट्रोकमध्ये ही सोय नाही. टू-स्ट्रोकला वॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असतात आणि पिस्टन त्यांच्यावरून ये-जा करतो. त्याच्या अंगावर उभे ओरखडे दिसले तर इंजिन कधीतरी जाम झालेलं आहे. पाचवा: मॅग्नेटोचं झाकण काढून आतलं चाक वर-खाली हलवून बघा. हललं तर क्रँकचे बेअरिंग गेले. सहावा: धूर. थोडा निळसर धूर हा टू-स्ट्रोकचा जन्मसिद्ध हक्क आहे, पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑईल कमी होत असेल, तर क्रँकचं सील फुटून ते ऑईल आत ओढलं जातंय.

आणि सातवा, मातीत पळालेल्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा: फ्रेम. हँडलखालची मान, स्विंग आर्मचा पिव्होट, फूटरेस्टचे जोड. उडी मारून खाली आदळणाऱ्या गाडीचा सगळा मार इथे बसतो. जिथे रंग नवा दिसेल तिथे नखाने खरवडा. खाली वेल्डिंग असतं.

"एवढं तू लग्नाआधी बघितलं होतंस?" मित्र म्हणाला.

तलासरी नाक्यावरून आम्ही उधव्याच्या रस्त्याला लागलो. इथून गुजरातची हद्द इतकी जवळ, की लोक टाकी भरायला पलीकडे जाऊन येतात. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे आंब्याचं झाड, झाडाला टांगलेले टायर. साठीचे गृहस्थ, हाताच्या रेषांत ग्रीस कायमचं बसलेलं. दोन्ही मुलं वापीला कंपनीत. डहाणू तालुका १९९१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला, त्यामुळे तिथे मोठे कारखाने फारसे आले नाहीत. या पट्ट्यातली पोरं कामाला वापी-उंबरगावला जातात.

"गाडी स्टँडवर आपोआप हलली तर घाबरू नका साहेब," ते म्हणाले. "गाडीत भूत नाही. जमीनच हलते आमच्याकडे."

हा विनोद नव्हता. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसतायत. सुरुवातीच्या हिवाळ्यात लोक घराबाहेर तंबूत झोपायचे. मिस्त्रींनी तेव्हापासून इंजिनाचे सुटे भाग फळीवर ठेवणं सोडलंय. सगळं जमिनीवर, पत्र्याच्या डब्यांत.

आणि मग त्यांनी गोणपाट बाजूला केलं.

काय सांगू! पांढरी टाकी, तिच्यावर पिवळ्या पडलेल्या स्टिकरची अर्धी पट्टी. उंच पुढचा मडगार्ड, खोबणीदार टायर, मागचं स्प्रॉकेट ताटाएवढं. आणि पोटाखालून वळसा घेऊन मागे फुगत गेलेला एक्स्पान्शन चेंबर, पत्र्याचे तुकडे कापून, एकेक जोडून बनवलेला. मिस्त्रींनी तो स्वतः १९९५ साली बनवला होता.

या फुगीर सायलेन्सरची गोष्ट मला फार आवडते. टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण जळलेल्या वायूबरोबर बाहेर निसटतं, हा तिचा जुना रोग. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा इंजिनिअर वॉल्टर काडेन याने पाइपचा आकार असा साधला, की आत निर्माण होणारी दाबाची लाट परत फिरून निसटणारं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ साली त्याचा रेसर अर्न्स्ट डेगनर ही विद्या डोक्यात घेऊन पश्चिमेकडे पळाला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. १९७० साली जोएल रोबेरने सुझुकीला मोटोक्रॉसमधलं २५० सीसीचं पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं. मग पुढची दोन-अडीच दशकं मोटोक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोक हे समीकरणच होतं. १९९७ला यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकने लास वेगासची सुपरक्रॉस जिंकली आणि वारं फिरलं. तर, पूर्व जर्मनीतून निघालेली ती लाट फिरत फिरत तलासरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोहोचली होती. मिस्त्रींना काडेनचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी पाइपची लांबी कशी ठरवली विचारलं तर म्हणाले, "कापत गेलो, ऐकत गेलो."

मी यादी काढली. इंजिन थंडगार. किक हाताला दाद देईना. प्लग कॉफी. सायलेन्सर खोलून टॉर्च मारली, पिस्टन स्वच्छ, आरशासारखा नाही पण ओरखडा नाही. मॅग्नेटोचं चाक घट्ट. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून शांतपणे बघत होते. विचारलं त्याचं उत्तर देत होते, जास्तीचं काही नाही. बोअर किती वेळा मारला? दोनदा. पिस्टन कुठलं? ओरिजिनल, ०.५० ओव्हरसाइज. ऑईल पंप? काढलाय, पेट्रोलमध्ये मिसळायचं, लिटरला तीस मिली. गिअर? दुसरा कधीकधी सुटतो.

मग त्यांनी किक मारली. दुसऱ्या किकला उठली.

ज्यांनी आरएक्स १०० ऐकलीय त्यांना सांगायला नको. १९८५च्या नोव्हेंबरमध्ये ती आपल्याकडे आली, १९९६ला बंद झाली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. आमचे बाबा तिला 'चोरांची गाडी' म्हणायचे, कारण साखळी ओढून पळणाऱ्यांचीही ती लाडकी. पण ही आरएक्स वेगळी होती. खाली नुसती खोकत होती, गुरगुरत होती, आणि थ्रॉटल एका ठरावीक जागेपुढे गेला की एकदम किंचाळत सुटायची. मिस्त्रींनी शेडमागच्या भाताच्या मोकळ्या शेतात मला चालवायला दिली. बांधावरून पुढचं चाक जेमतेम वीतभर उडालं असेल. मी मात्र नाशिकला पोहोचलो होतो.

परत आलो तेव्हा यादी खिशातच होती. सातवा मुद्दा राहिला होता. हँडलखाली मानेपाशी रंग जरा जास्तच काळा आणि तुकतुकीत आहे, हे मला दिसलं होतं. खरं सांगतो, दिसलं होतं. मी नख लावलं नाही. इंजिनाचा आणि चेसिसचा नंबर, दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढला, काढायचा म्हणून. आणि पाच हजार टोकन मिस्त्रींच्या हातात ठेवलं.

"कागद डहाणूला आहेत," ते म्हणाले. "शेठच्या आईकडे. मी फोन करतो. तुम्ही जाऊन बघून या."

डहाणूला पोहोचेपर्यंत दुपार झाली. चिकूच्या वाडीतलं जुनं बैठं घर, लांबलचक ओटा, ओट्यावर करंड्या. या भागात इराणी आणि पारशी कुटुंबांच्या चिकूवाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथल्या चिकूला २०१६मध्ये जीआय मानांकनही मिळालं, 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून. आंटी पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांनी आधी चहा दिला, मग चिकू कापून दिले, मग कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आरसी बुक काढलं. जुनं, पुस्तकासारखं, कोपरे वाळवीने खाल्लेले.

"घेऊन जा डिकरा," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा आता तिकडे मोठी गाडी चालवते, ऑटोमॅटिक. त्याला सांगितलं तर सही करून पाठवेल. त्या बाइकने मला लय रडवलं. पडला तेव्हा त्याची मान वाचली, बाइकची मोडली."

चिकूची फोड माझ्या हातात तशीच राहिली.

"मोडली म्हणजे?"

"मोडली म्हणजे दोन तुकडे. मिस्त्रीने दुसरी बॉडी टाकली ना."

मी मोबाइल काढला. आरसीवरचा इंजिन नंबर जुळत होता. चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे वेगळेच होते.

ज्यांना याचा अर्थ माहीत नाही त्यांच्यासाठी: कायद्याच्या नजरेत चेसिस नंबर म्हणजेच गाडी. इंजिन बदललं तर नोंद करून घेता येते. पण आरसीवर एक चेसिस आणि प्रत्यक्षात भलतीच, मागे कुठलाही कागद नाही, तर ट्रान्सफर विसरा. फॉर्म २९ आणि ३०वर सह्या मिळूनही उपयोग नाही. त्याहून वाईट म्हणजे, ती दुसरी फ्रेम ज्या गाडीची होती ती गाडी कुणाची? भंगारात रीतसर गेलेली, की कुणाच्या दारातून उचललेली?

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "हे बघ, तू ती रस्त्यावर चालवणारच नाहीयेस. कोण बघतंय चेसिस? टेम्पोत टाक, घेऊन चल. आणि मिस्त्रीला विचारायला जाऊ नकोस. विचारलंस की अडकलास."

तो चूक नव्हता. न विचारता घेतली असती तर मी 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकलो असतो. पण मला गाडी ज्या क्षणी आवडली त्याच क्षणी मी प्रश्न विचारणं बंद केलं होतं. पहिले सहा मुद्दे मी विचारले, कारण त्यांची उत्तरं चांगली येणार हे किकलाच कळलं होतं. सातव्याला मी हातच लावला नाही. महिनाभर यादी करून मी शेवटी तेच केलं, जे फ्लॅट घेताना, नोकरी बदलताना आपण सगळेच करतो.

आम्ही परत तलासरीला गेलो. उन्हं उतरली होती. मिस्त्री आंब्याखाली एका स्कूटीचं क्लच वायर बदलत होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "बघितलं का बुक?"

"फ्रेम दुसरी आहे."

"हो."

"सकाळी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही इंजिनाचं विचारलंत, इंजिनाचं सांगितलं. गिअर सुटतो तेही सांगितलं. फ्रेमला तुम्ही हातच नाही लावला." मग पान्याने बोट पुसत म्हणाले, "म्हणून तर कागद बघायला डहाणूला पाठवलं. नाहीतर बुक मीच मागवून घेतलं असतं."

मी विचारलं, ती फ्रेम कुठून आणली होती. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. १९९९ साली, हायवेलगतच्या एका भंगारवाल्याकडून, साडेचारशे रुपयांना. पावती? पावती कोण देतो. ती कोणाची होती? माहीत नाही. पुढच्या महिन्यात रेस होती, पोराला पळायचं होतं, फ्रेम मिळाली, बसवली. मान स्वतः वेल्ड करून भक्कम केली. "मोडणार नाही," ते म्हणाले. "पण कोणाची ते मला सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू?"

मग ते उठले, आत गेले, आणि माझे पाच हजार आणून माझ्या हातात ठेवले. मी मागितले नव्हते.

मला कबूल करायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मी दहा सेकंद विचार करत होतो. शेडच्या अंधारात ती पांढरी टाकी दिसत होती. मित्र मुद्दाम दुसरीकडे बघत होता. शेवटी मी म्हटलं, "काका, नाही जमणार."

"नकाच घेऊ," ते म्हणाले. सकाळपासून 'साहेब' म्हणत होते, तिथे आता म्हणाले, "भाऊ, एक सांगू? आधी दोघं येऊन गेले. एक जण इंजिन काढून द्या म्हणाला, आपल्या आरएक्सला टाकायला. दुसऱ्याला हॉटेलात भिंतीवर टांगायची होती. चालवून कोणीच बघितली नाही."

मी विचारलं, मग आता तिचं काय करणार? ते म्हणाले, काय करायचं, पंधरा दिवसांनी एकदा चालू करतो, नाहीतर सील सुकतात. तेवढ्यापुरती शेतात एक चक्कर. पण गुडघे आता बांधावर साथ देत नाहीत.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बायकोने दारातच विचारलं, "घेतलीस?"

"नाही."

"मग एवढा वास कसला येतोय?"

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. बोनस शाळेच्या फीत गेला. कागदपत्रं पूर्ण असलेली एखादी आरएक्स मी अजून शोधतोय आणि आता कुठेही गेलो की सगळ्यात आधी मानेचा रंग नखाने खरवडतो. एकदा एक मालक चिडलासुद्धा. चिडला म्हणजे कळलंच.

आणि महिन्यातून एका रविवारी मी सकाळी सहाला तलासरीला निघतो. मिस्त्री गोणपाट काढून ठेवतात. मी प्लग साफ करतो, लिटरला तीस मिली मोजून मिसळतो, आणि दुसऱ्या किकला ती उठते. माझ्या नावावर नसलेली, कुणाच्याच नावावर नीट नसलेली ती गाडी मी त्यांच्याच शेतात अर्धा तास चालवतो आणि परत जागेवर ठेवतो. पहिल्या वेळी मी त्यांना पैसे देऊ केले तर त्यांनी हात जोडले.

"पैसे नको," म्हणाले. "येताना ऑईल आणत जा. चांगलं आणा, इकडे बनावट फार मिळतं."

पुढच्या खेपेला मुलगी येणार म्हणतेय. तिला मी गाडीबद्दल सगळं सांगितलंय, फ्रेमचंसुद्धा. बायको म्हणते, "मीही येते. चिकू तरी घेऊन येऊ."